तंबोऱ्याच्या पंचमाने निवडलेला हेडफोन

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. मी डॅन क्लार्क ऑडिओचा ई-३ घेतला. डेननचा एएच-डी९२०० थोडक्यात हुकला. सोनीचा एमडीआर-झेड१आर मनापासून आवडला, तरी घेतला नाही. फोकलचा स्टेलिया ऐकून झाल्यावर किंमत विचारली आणि गुमान जागेवर ठेवला. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचावं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी बाबांच्या कॅसेटी संगणकावर उतरवते आहे. बाबा गिरगाव, दादर, डोंबिवली इथल्या घरगुती मैफलींना टेपरेकॉर्डर घेऊन जायचे आणि पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसायचे. त्यामुळे आमच्या माळ्यावर टीडीके आणि सोनीच्या कॅसेटींची खोकीच्या खोकी आहेत. त्यात गाणं आहे, गाण्याइतकीच ‘क्या बात है’ आहे, कपबश्यांचा आवाज आहे आणि सगळ्याच्या खालून विजेची घुरघुर आहे. ती घुरघुर काढायची, पण गाण्याला धक्का लावायचा नाही, हे माझं काम. त्यासाठी काय गाण्याचं आहे आणि काय टेपचं, हे कानाला वेगळं कळावं लागतं. मला हेडफोन हवा होता तो यासाठी. गाणं गोड करून ऐकवणारा नको होता.

इतकी वर्षं सेनहायझरचा एचडी ६०० वापरला. १९९७ सालापासून चालत आलेलं मॉडेल, आजही त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण तो ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू उघडी, जाळीची. आमच्या घरात मार्च ते जून पंखा बंद करणं म्हणजे आत्महत्या, आणि पंखा चालू असला की टेपची हिस, म्हणजे सततची सूं-सूं, कुठली आणि पंख्याची कुठली हे ओळखता येत नाही. शिवाय मी रात्री काम करते. ओपन-बॅक हेडफोनमधून बाहेर येणारा ख्याल शेजारी झोपलेल्या माणसाला पूर्ण ऐकू जातो. आमच्या ह्यांना गाण्याची आवड आहे, पण रात्री दीड वाजता नाही. म्हणून क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाचा.

क्लोज्ड-बॅकची मूळ अडचण समजून घेतली की निवड निम्मी सोपी होते. ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे हलतो तसा मागेही हलतो. जितका आवाज कानाकडे येतो तितकाच मागे जातो. ओपन-बॅकमध्ये तो मागचा आवाज जाळीतून निघून जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये तो कपात कोंडला जातो, भिंतीवर आपटतो आणि पडद्यातून परत कानाकडे येतो, थोडा उशिरा आणि थोडा बिघडून. कपाचा स्वतःचा एक आवाज तयार होतो. स्वस्त क्लोज्ड-बॅकमध्ये सगळं डब्यात गायल्यासारखं वाटतं ते यामुळेच. महागड्या क्लोज्ड-बॅकमध्ये तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः हा कोंडलेला आवाज जिरवण्यासाठी. कुणी बांबूचा कप करतो, कुणी कागदाच्या लगद्याचा, कुणी पडद्यासमोर बारीक नळ्यांचं पोळं बसवतो. बाकी चामडं, रंग, खोका हा सगळा शृंगार.

दुसरी अडचण कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. क्लोज्ड-बॅकचा खर्ज पॅडच्या सीलवर अवलंबून असतो. पॅड आणि कातडी यांच्यामध्ये फट राहिली की खालचे स्वर गळतात. चष्म्याची काडी ही अशीच एक फट. कानाभोवतीचे दाट केस ही दुसरी. आणि कुड्या! कुडी घालून पॅड नीट बसत नाही आणि वर दुखतं ते वेगळंच. इंटरनेटवर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो याचे, आलेख रग्गड मिळतात, आणि ते जरूर बघावेत. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतेक श्रोत्यांना कसा तोल आवडतो याचा अभ्यास करून जी रेषा काढली, तिच्याशी हे आलेख ताडून बघता येतात. पण आलेख ज्या पुतळ्यावर काढतात त्याला ना चष्मा असतो, ना अंबाडा. म्हणून हेडफोन ऐकायला जाताना रोजचाच चष्मा लावून जावं. मी पुढे जाऊन बारीक धातूच्या काडीचा चष्मा करून घेतला, आणि त्या खर्चाइतकी खर्जात सुधारणा मला दुसऱ्या कशानेच मिळाली नाही.

आता ऐकायचं कुठे, हा खरा प्रश्न. मुंबईतल्या एका दुकानात मला सांगण्यात आलं की खोका उघडला तर घ्यावाच लागेल. दुसरीकडे ऐकू दिलं, पण त्यांच्याच फोनवरचं त्यांचंच गाणं, तेही दोन मिनिटं. लाख-दीड लाखाच्या वस्तूला ही वागणूक! आपण साडी घेतानासुद्धा पदर खांद्यावर टाकून आरशात बघतो.

माझी लेक टोकियोत निशी-कासाईला राहते. तिथे इतके भारतीय आहेत की कढीपत्त्यासाठी वणवण करावी लागत नाही. तिच्याकडे गेले तेव्हा प्लेअर आणि चष्मा पर्समध्ये टाकून थेट अकिहाबारा गाठलं. मेट्रोच्या तोझाई लाइनने कायाबाचोला उतरायचं आणि हिबिया लाइन पकडायची. तिथलं ई-इयरफोन हे दुकान हेडफोनच्या नादी लागलेल्यांनी एकदा बघावंच. हेडफोन उघड्यावर मांडलेले असतात, आपला प्लेअर लावायचा, आपलं गाणं ऐकायचं, कुणी मागे उभं राहून घसा खाकरत नाही. निशी-कासाईहून त्याच तोझाई लाइनने पश्चिमेच्या टोकाला नाकानोला गेलात तर फुजिया एविक आहे. तिथे वापरलेला मालही मिळतो आणि तो नीट प्रतवारी लावून ठेवलेला असतो. लेकीला वाटलं, आई तासाभरात कंटाळेल. शेवटी तीच कोपऱ्यात बसून मोबाइल बघत होती.

मी सगळीकडे एकच तुकडा लावला. बाबांच्या एका कॅसेटची सुरुवात. गवई पुरुष, पट्टी काळी एक, फक्त तंबोरे चालू आहेत आणि तबलजी डग्गा ठोकून बघतो आहे. काळी एकचा षड्ज म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, साधारण ६९. पंचमाची तार १०४ च्या आसपास. आता आपल्याकडच्या विजेची घुरघुर ५० हर्ट्झला असते आणि तिचा दुप्पट सूर १०० ला. म्हणजे तंबोऱ्याचा पंचम आणि विजेचा १००, दोघं अगदी मांडीला मांडी लावून बसलेले. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चारेक वेळा एक हेलकावा येतो. पंचम छेडला की हेलकावा सुरू, तार विरत गेली की तोही विरतो. हा हेलकावा हीच माझी परीक्षा. ज्या हेडफोनचा कप तिथेच आसपास गुणगुणतो, त्यात हा हेलकावा दिसेनासा होतो आणि सगळंच छान भरदार वाटायला लागतं. भरदार वाटलं की मी सावध होते.

याच तुकड्यात दुसरी एक गंमत आहे. गवयाने पहिला षड्ज लावण्याच्या दोनेक सेकंद आधी तोच षड्ज अगदी अंधुक ऐकू येतो. भूत नाही, प्रिंट-थ्रू आहे. गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणून एका वेढ्याचं अंतर पार करायला दीड ते तीन सेकंद लागतात. हा अंधुक सा ऐकू येणं ही झाली बारीक तपशिलाची परीक्षा. गवई बिचारा अजून श्वासच घेतो आहे, आणि आपल्याला त्याचा सूर आधीच कळलेला असतो.

सोनीचा झेड१आर आधी. २०१६ चं मॉडेल, ७० मिलिमीटरचा अवाढव्य ड्रायव्हर, मध्ये मॅग्नेशियमचा घुमट, आणि बाहेरचं आवरण कॅनडातल्या लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं. डोक्यावर चढवला आणि वाटलं, आता काढूच नये. ३८५ ग्रॅम वजन जाणवतच नाही. डग्ग्याचा घुमारा असा आला की मी दुकानात मोठ्याने ‘वा’ म्हणाले. पण तो घुमारा बाबांच्या टेपवर नव्हता. निदान इतका नव्हता. पंचमाचा हेलकावा त्या उबदार खर्जात बुडून गेला. वर तंबोऱ्याची जवारी मात्र अंमळ चरचरीत, आणि मधला गळा अर्धं पाऊल मागे. शिवाय क्लोज्ड-बॅक म्हणवून घेणाऱ्या मानाने बाहेरचा आवाज बराच आत येत होता. संध्याकाळी आरामखुर्चीत बसून ऐकायला मी हाच घेतला असता. कामाला नाही.

फोकलचा स्टेलिया फ्रान्सचा, २०१९ चा, शुद्ध बेरिलियमचा ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर. अमेरिकेत तो आला तेव्हा किंमत ३००० डॉलरच्या घरात होती. तपशील विलक्षण. प्रिंट-थ्रूचा सा इथे इतका स्पष्ट होता की लेकीलासुद्धा ऐकवला, आणि तिला तो पटकन सापडला. पण स्टेलिया प्रत्येक गोष्ट पुढे आणून दाखवतो. गवयाचे ओठ विलग होण्याचा आवाज आणि गवयाचा सूर, दोन्ही एकाच मानाने. थोड्या वेळाने कान दमतात. ४३५ ग्रॅम आहे आणि ते जाणवतं. आतबाहेर तपकिरी चामडं आहे, दिसतं राजेशाही. तेल लावलेल्या केसांनी त्याचं काय होईल या विचारानेच मला घाम फुटला.

डेनन डी९२०० बद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेकांनी मला विचारलं तर मी हाच सांगेन. कप जपानमधल्या कोची प्रांतातल्या मोसो जातीच्या बांबूचे. बांबू हलका आणि कडक असतो, आणि स्वतः फारसा वाजत नाही. ३७५ ग्रॅम वजन, २४ ओहम, आणि १ मिलिवॅटला १०५ डेसिबल. साध्या फोनला हेडफोन जोडायच्या डोंगलवरही खणखणीत वाजतो. गळा जिथे असायला हवा तिथे असतो. बाईचा आवाज तर इतका नैसर्गिक की मी माझा तुकडा सोडून निम्मा ख्याल ऐकत बसले. पंचमाचा हेलकावा होता, ऐकू येत होता. मग अडलं कुठे? माझ्या चष्म्यावर. काडीच्या फटीतून अगदी खालचा भाग गळत होता. ५० ची घुरघुर टेपवर प्रत्यक्षात आहे त्याहून कमी वाटत होती. घुरघुर कमी ऐकू आली तर मी ती कमी काढणार, आणि मग चांगल्या स्पीकरवर ऐकणारा माझ्या नावाने बोटं मोडणार. तुम्हाला चष्मा नसेल तर हा परिच्छेद वाचून सरळ डेनन घ्या.

आता ई-३. डॅन क्लार्क हे अमेरिकेत सॅन दिएगोचे. २०२१ साली त्यांनी स्टेल्थ नावाचा ४००० डॉलरचा क्लोज्ड-बॅक काढला आणि त्यात पडदा व कान यांच्यामध्ये एक पोळ्यासारखा तुकडा बसवला. त्यात वेगवेगळ्या लांबीच्या बारीक वाटा असतात. नको त्या तरंगलांबीचा आवाज ज्याच्या त्याच्या वाटेत शिरतो आणि तिथेच जिरतो. तीच युक्ती त्यांनी २०२३ मध्ये ई-३ मध्ये निम्म्या किमतीला दिली. ड्रायव्हर प्लेनर, म्हणजे घुमटाऐवजी सपाट ताणलेला पातळ पडदा.

पहिल्यांदा ऐकल्यावर काहीच झालं नाही. ‘वा’ नाही, काही नाही. डग्गा डग्ग्याइतका, तंबोरा तंबोऱ्याइतका. मग पंचम छेडला गेला आणि हेलकावा समोर येऊन उभा राहिला. विजेचा १०० एका जागी, तार दुसऱ्या जागी, आणि दोघांमधली कुरबूर तिसरीकडे. खाली ५० वेगळा, ६९ चा खरज वेगळा. घरी आल्यावर पहिल्यांदा फिल्टर लावताना कळलं की याचा उपयोग काय. आधी मी १०० चा सूर कापायला रुंद फिल्टर लावायचे आणि त्यात पंचमाचंही अंग कापलं जायचं, तंबोरा पोकळ वाटायचा. आता इतका अरुंद लावता येतो की घुरघुर जाते आणि पंचम जागेवर राहतो. ध्वनिमुद्रणातच आलेली घुरघुर ५० च्या वर-खाली सरकलेली दिसली, तर टेपचा वेग चुकतोय हेही त्यावरूनच ताडता येतं. पट्टी काळी एक की पांढरी दोन या आमच्या घरातल्या जुन्या वादाचा निकाल मी असाच लावला. बाबा बरोबर होते.

चष्म्यावर सील बरं राहतं. पॅड जाड आणि मऊ आहेत, काडीभोवती बसतात. पूर्ण नाही, पण बारीक काडीच्या चष्म्याला पुरेसं. हेडबँडची रचना अशी की कप आत दुमडून हेडफोन छोटा होतो आणि छोट्या पेटीत मावतो.

तक्रारीही ऐका. वजन ४५५ ग्रॅम. डोक्यावरचा पट्टा ते बरं वाटून घेतो, पण मान वाकवून लिहायला बसलात की कळतं. वरचा भाग किंचित उजळ आहे. झांजा आणि करताल असलेलं भजन मोठ्या आवाजात ऐकलं तर टोचतं. मी तिथे इक्वलायझरने एखादा-दीड डेसिबल खाली घेते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याची भूक. १ मिलिवॅटला सुमारे ९० डेसिबल. डेननपेक्षा पंधराने कमी, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी तीसपट शक्ती. बाबांच्या काही कॅसेटी मुळातच इतक्या हळू भरलेल्या आहेत की फोनच्या डोंगलवर ई-३ कुजबुजतो. मी कॅसेट उतरवायला आरएमईचा एडीआय-२ प्रो वापरते, त्याच्याच हेडफोन आउटवर हा आरामात चालतो. त्यातला क्रॉसफीड, म्हणजे एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्या कानाला देण्याची सोय, हाही उपयोगी पडतो. एका माइकपाशी गवई आणि दुसऱ्यापाशी तबला अशी भरलेली टेप हेडफोनवर ऐकली की डावा कान गाणं ऐकतो आणि उजवा ठेका. क्रॉसफीडने दोघं निदान एका खोलीत येतात. पण तुमच्याकडे असा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर त्याचे पैसे हेडफोनच्या किमतीत धरूनच विचार करा.

बाहेरचा आवाज किती थांबतो? शिट्टी, टीव्हीवरची चर्चा, पंख्याचा सळसळाट, सगळं बरंच दबतं. पण आमच्या मागून जाणाऱ्या मालगाडीची धडधड येतेच. कुठल्याच साध्या क्लोज्ड-बॅकने इतका खालचा आवाज अडत नाही, मग तो कितीही लाखांचा असो. मालगाडी आली की मी चहाचा घोट घेते.

घेतला मात्र इथल्याच विक्रेत्याकडून. जपानमध्ये पासपोर्ट दाखवून १० टक्के कर वाचतो हे खरं, पण परत येताना विमानतळावर जकात आहे, आणि उद्या एक बाजू बंद पडली तर वॉरंटीसाठी लेकीला टोकियोत पळवायचं का?

आपल्या हवेबद्दल दोन शब्द, कारण परदेशी परीक्षणांत हे कुणी लिहीत नाही. पावसाळ्यात कृत्रिम चामड्याचे पॅड आधी चिकट होतात आणि मग पापुद्रे सुटतात. केसांचं तेल त्याला हातभार लावतं. मी केस धुतलेल्या दिवशी काम करते, नाहीतर डोक्याला सुती रुमाल बांधते. वापरून झाला की कोरड्या मऊ कापडाने पॅड पुसायचे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी कपाटात, खिडकीपाशी नाही. घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पॅडची नवी जोडी केवढ्याला आणि किती दिवसांत? जो आधी विषय बदलतो, त्याच्याकडे घेऊ नका.

दोन लाखांचं गणित ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी. बायरडायनॅमिकचा डीटी १७७० प्रो कामाला चोख आहे. २५० ओहमचा आहे, त्यामुळे त्यालाही अ‍ॅम्प्लिफायर हवा. त्याहून खूप खाली सोनीचा एमडीआर-७५०६ आहे, १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत लोंबकळतो आहे. त्याची केबल कपातच जोडलेली, पॅड वर्षा-दोन वर्षांत भुगा होतात, वरचा भाग कर्कश. पण टेपमधली खोड त्यालाही लपवता येत नाही, आणि माझा जुना ७५०६ मी अजून कॅसेट लावताना टेप वाचणाऱ्या हेडची दिशा जुळवायला वापरते.

आणि लेकीने काय केलं, असं हमखास विचारतात. जावयांनी डेनन घेतला. त्यांना चष्मा नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, आणि ऑफिसला जाताना गच्च भरलेल्या तोझाई लाइनमध्ये ४५५ ग्रॅम डोक्यावर वागवायची हौसही नाही. घरी ठेवतात, रविवारी नाट्यसंगीत ऐकतात. मी मात्र त्यांना दर फोनवर पॅड पुसले का विचारते.